गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन (खानदेश)

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी (शास्त्रीय नाव : पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) केवळ रासायनिक फवारणीवर विसंबून न राहता मशागत, लागवडीची वेळ, कामगंध सापळे, मित्रकीटक, वनस्पतिजन्य अर्क आणि अखेरचा उपाय म्हणून मोजके कीटकनाशक यांच्या मेळाने आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीस या किडीचे एकात्मिक व्यवस्थापन म्हणतात. जळगाव आणि धुळे हे जिल्हे महाराष्ट्रातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्ह्यांत मोडतात. एकट्या जळगाव जिल्ह्यात सर्वसाधारण वर्षी सुमारे पाच लाख हेक्टरांवर कपाशी असते. त्यामुळे या पद्धतीचा स्वीकार किंवा अव्हेर हा येथे केवळ शेतीशास्त्राचा विषय राहत नाही. जमीनमालक, बटाईदार, सालदार, कापूस वेचणाऱ्या स्त्रिया, कृषी केंद्रांचे दुकानदार आणि जिनिंग कारखान्यांचे व्यवस्थापक अशा अनेकांच्या हिताहिताचा तो प्रश्न आहे. रासायनिक कीटकनाशकाला पर्याय आहेत हे बहुतेकांना ठाऊक असते. ते वापरण्यास निर्णय घेणाऱ्या माणसाला प्रवृत्त करणे, हा खरा अवघड भाग होय.

कीड आणि तिचे जीवनचक्र

या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी केले. त्यासाठीचे नमुने गुजरातेतील भरूच येथील कपाशीवरून मिळालेले होते. भरूच खानदेशापासून फार दूर नाही. तेव्हा ही अळी येथील जुनीच रहिवासी आहे, परदेशातून आलेली नव्हे. उलट विसाव्या शतकाच्या आरंभी ती हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीबरोबर इजिप्तमध्ये पोहोचली आणि तेथून इतरत्र पसरली, असे मानले जाते.

मादी पतंग पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून बाहेर पडलेली सूक्ष्म अळी फुलात किंवा बोंडात शिरते. बोंडात शिरताना पडलेले छिद्र पुढे बुजून जाते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून जाळ्याने जखडते; असे फूल नीट न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले दिसते. त्यास डोमकळी म्हणतात. बोंडातील अळी सरकी पोखरते, रुई डागाळते आणि बोंड पूर्ण न फुटता अर्धवट उघडते. वेचणाऱ्या स्त्रिया अशा कापसास कवडी म्हणतात.

हंगामाच्या शेवटी काही अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत राहतात. दोन सरक्या रेशमी धाग्यांनी जोडून त्यांच्या पोकळीत अळी कित्येक महिने निपचित पडून असते. तिला आसरा देणाऱ्या जागा तीन : शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी, घराजवळ रचलेला पऱ्हाट्यांचा ढीग आणि साठवलेला कापूस किंवा सरकी. पुढील उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडी पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील, तर अंडी घालण्यास योग्य जागा न मिळता ते मरून जातात. या किडीला कपाशीखेरीज भेंडीसारखी थोडीच यजमान पिके आहेत. व्यवस्थापनाचा जवळजवळ सगळा भार या एका गोष्टीवर उभा आहे.

बीटी वाण आणि त्यानंतर

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीस परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील क्राय१एसी जनुकामुळे झाडातच अळीला मारक प्रथिन तयार होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पहिल्या काही वर्षांत बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या घटल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण २०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत एका जनुकाच्या वाणाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही असे जाहीर झाले, आणि पुढील काही वर्षांत दोन जनुकांच्या वाणांचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस पट्ट्यात, खानदेशासह, या अळीचा मोठा उद्रेक झाला.

प्रतिकारशक्ती लवकर वाढू नये म्हणून बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावाव्यात, तेथे वाढलेल्या संवेदनक्षम पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा, ही त्यामागील कल्पना. या पट्ट्यास आश्रय पीक म्हणतात. पुष्कळ शेतकऱ्यांनी ते छोटे पाकीट लावलेच नाही. कडेच्या ओळी अळीला खाऊ घालण्यासाठी लावायच्या, हे कोणी नीट समजावून सांगितले नसेल तर त्यांना दोष देणे कठीण आहे. पुढे आश्रयाचे बी मुख्य बियाण्यातच मिसळून देण्याची सोय झाली.

फवारणीच्या मर्यादा

अळी बोंडात शिरल्यावर बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती बाहेर असते तो काळ अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतचा, म्हणजे अगदी थोडा. तेवढ्या वेळात नेमकी फवारणी साधणे अवघड असते. न साधल्यास शेतकरी आठवडाभराने पुन्हा फवारतो, दोन-तीन कीटकनाशके एकत्र करतो, मात्रा वाढवतो. यात अळी वाचते आणि ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे तिचे व मावा-तुडतुड्यांचे शत्रू मरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके लवकर वापरल्यास पांढरी माशी उसळते, हा अनुभव कापूस पट्ट्यात नवा नाही. म्हणूनच या गटाचा वापर नोव्हेंबरपूर्वी टाळण्याची शिफारस आहे.

फवारणीचा दुसरा परिणाम माणसावर होतो. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पुरुषभर उंचीची दाट कपाशी, विनाशिफारस मिश्रणे, जोरदार दाबाचे पंप आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे चर्चेत आली. घटना विदर्भातील असली तरी पीक, पंप, औषधे आणि फवारणाऱ्याची परिस्थिती खानदेशात निराळी नाही.

येथे भाषेचाही थोडा भाग आहे. ग्रामीण मराठीत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. फवारणी म्हणजे ‘औषध मारणे’ आणि त्याच बाटलीने आत्महत्या केली तर ‘त्याने औषध घेतले’. विषाला औषध म्हणण्याची ही सवय बाटलीवरील लाल त्रिकोणापेक्षा बलवान ठरते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार वेष्टनावर विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा व हिरवा असे रंग असतात. हे रंग शाळेच्या पाठ्यपुस्तकात जितके ठळक यावेत तितके येत नाहीत.

रसायनेतर उपाय

सर्वांत परिणामकारक उपायांना खर्च जवळजवळ नसतो. त्यांना लागते ती वेळेची शिस्त. डिसेंबरअखेर पीक संपवून शेत मोकळे करणे हा त्यांतील पहिला. पाणी उपलब्ध असलेल्या भागात शेतकरी पहिला बहर वेचल्यावर पुन्हा पाणी-खत देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी ठेवतात. तिला फरदड म्हणतात. फरदडीतून चार पैसे मिळतात, पण अळीला उन्हाळ्यापर्यंत अखंड अन्न मिळते आणि पुढील हंगामाची बीजे तेथेच पडतात. वेचणी संपल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या चारल्यास उरलेली किडकी बोंडे फस्त होतात. धुळे जिल्ह्यातील ठेलारी समाजाचे मेंढपाळ परंपरेने कळप घेऊन फिरतात आणि शेतात खतासाठी मेंढ्या बसवण्याची रीत येथे जुनी आहे. ती या कामी आयतीच उपयोगी पडते. मात्र नुकतीच फवारणी झालेल्या शेतात जनावरे सोडू नयेत.

पऱ्हाट्यांचा प्रश्न नाजूक आहे. ज्या घरी चूल पेटते, तेथे पऱ्हाटी हे वर्षाचे सरपण असते. ‘ढीग जाळा’ असा आदेश देऊन हे घर ऐकणार नाही, आणि ऐकावे अशी अपेक्षाही न्याय्य नाही. यंत्राने बारीक तुकडे करून खत करणे, विटांसाठी किंवा इंधनकांड्यांसाठी विकणे किंवा निदान ढीग शेतापासून दूर हलवून पावसाळ्याआधी वापरून संपवणे, असे टप्प्याटप्प्याचे पर्याय सांगितल्यास ते स्वीकारले जातात.

एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट केली की जमिनीतील कोष व अळ्या उघड्या पडतात. तापी खोऱ्यातील उन्हाळा त्यांचा निकाल लावण्यास पुरेसा असतो.

लागवडीची वेळ हा खानदेशातील खरा वादाचा मुद्दा आहे. तापी, गिरणा व अनेर यांच्या काठी तसेच विहीर-कूपनलिकांच्या आधाराने ठिबकवर मे महिन्यात कपाशी लावण्याची पद्धत आहे. तिला पूर्वहंगामी किंवा बागायती कपाशी म्हणतात. तिला जुलैतच पात्या लागतात आणि एरवी निराधार मरणारे पतंग तेथे अंडी घालतात. हे टाळण्यासाठी राज्य शासनाने १ जूनपूर्वी कापूस बियाण्याच्या विक्रीवर निर्बंध आणले. तरी शेजारच्या राज्यांतून बियाणे आणून लागवड होतच राहिली. पूर्वहंगामी लागवड करणाऱ्याची बाजूही ऐकण्याजोगी आहे : त्याचे पीक लवकर येते, नोव्हेंबरात शेत रिकामे होऊन हरभरा, गहू किंवा मका घेता येतो. तो फरदड ठेवत नसेल, तर निम्मा नियम तो पाळतोच. दोष राहतो तो असा की, त्याच्या शेतावर वाढलेली पहिली पिढी शेजारच्या कोरडवाहू शेतावर उतरते.

कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाचे कृत्रिम रूप असते. त्याकडे नर पतंग ओढले जाऊन अडकतात. गुलाबी बोंडअळीच्या या गंधाचे घटक १९७३ मध्ये ओळखले गेले व त्यास गॉसिप्लुअर हे नाव मिळाले. निरीक्षणासाठी लागवडीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५ सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री दररोज ८ किंवा अधिक पतंग सापडले, किंवा तोडलेल्या २० बोंडांपैकी २ बोंडांत जिवंत अळी दिसली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. त्यापूर्वी फवारणी करू नये. मोठ्या प्रमाणात नर पकडण्यासाठी हेक्टरी २० किंवा अधिक सापळे लागतात. गंधगुटी ठरलेल्या मुदतीत बदलावी लागते. जुनी गुटी लटकत ठेवून ‘सापळ्याचा उपयोग झाला नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. गंध शेतभर पसरवून नराला मादी सापडू न देण्याचे, म्हणजे मिलनात अडथळा आणण्याचे तंत्रही आता उपलब्ध आहे. पण ते सलग मोठ्या क्षेत्रावरच लागू पडते.

ट्रायकोग्रामा वर्गातील सूक्ष्म गांधीलमाश्या बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. त्यांची परोपजीवी अंडी चिकटवलेली ट्रायकोकार्डे हेक्टरी दीड लाख अंडी या प्रमाणात पानांच्या खालच्या बाजूस टाचतात. कार्ड लावण्याच्या आगेमागे रासायनिक फवारणी केल्यास पैसे वाया जातात.

निंबोळी अर्क घरी करता येतो. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळतात. १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा त्यात मिसळून एकूण द्रावण १०० लिटर करतात. हा ५ टक्के अर्क होय. तो अंडी घालण्यास व खाण्यास अटकाव करतो आणि सुरुवातीच्या रसशोषक किडींवरही चालतो. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडी वेचून साठवाव्या लागतात. ऑगस्टमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. दशपर्णी अर्काचाही गावोगाव प्रचार आहे. त्याचे घटक ठिकठिकाणी बदलत असल्याने त्याच्या परिणामाविषयी निंबोळी अर्काइतक्या खात्रीने बोलता येत नाही.

जिनिंग कारखाने

जळगाव, धरणगाव, बोदवड, जामनेर, चोपडा, शिरपूर या परिसरांत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे अनेक कारखाने आहेत. नोव्हेंबरपासून तेथे कापसाचे ढीग लागतात. त्या कापसाबरोबर अळ्याही येतात, आवारात गळतात, सरकीत दडतात आणि पुढे पतंग होऊन आसपासच्या शेतांत जातात. कारखान्यालगतच्या शेतांत प्रादुर्भाव आधी दिसण्याचे हेच कारण. आवारात व कुंपणालगत कामगंध सापळे व प्रकाश सापळे लावावेत, गळालेल्या अळ्या व कचरा दर आठवड्यास गोळा करून नष्ट करावा, सरकी साठवून न ठेवता लवकर गाळपास पाठवावी, अशा शिफारशी आहेत.

व्यवस्थापकाचा पहिला प्रश्न स्वाभाविक असतो : यात कारखान्याचा फायदा काय? त्याने लावलेला सापळा त्याचा स्वतःचा कापूस वाचवत नाही, कारण नुकसान शेतातच होऊन गेलेले असते. धुरीकरण किंवा आवारात कीटकनाशक मारणे त्याला सोपे वाटते. त्याचे मन वळते ते दुसऱ्या हिशेबाने. किडक्या कापसाला रुईचा उतारा कमी पडतो, डागी रुईची प्रत घसरते, गाठीचा भाव पडतो. अळीला कंटाळून शेतकरी मक्याकडे वळला, तर पुढील वर्षी कारखान्याला कापूसच मिळत नाही. गेल्या काही वर्षांत खानदेशात कपाशीचे क्षेत्र घटून मका वाढल्याचे दिसते. कापसाअभावी यंत्रे बंद ठेवण्याची वेळ ज्याने अनुभवली आहे, त्याला हे वेगळे समजावावे लागत नाही.

मन वळवण्याचा प्रश्न

शेतावर निर्णय घेणारा आणि पंप पाठीवर घेणारा हे पुष्कळदा दोन वेगळे इसम असतात. खानदेशात वर्षाच्या कराराने राहणाऱ्या शेतमजुरास सालदार म्हणतात. त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरते. काय फवारायचे हे मालक ठरवतो, श्वासात विष सालदार घेतो. मालक शहरात राहणारा असेल, तर तो फोनवर कृषी केंद्राच्या दुकानदाराला विचारतो. दुकानदार उधारीवर माल देतो, सल्ला फुकट देतो, आणि त्याच्याकडे विकण्यासाठी बाटल्या असतात. नांगरटीचा किंवा शेत वेळेत मोकळे करण्याचा सल्ला विकून त्याला काही मिळत नाही. या तिघांपैकी एकालाच पटवून भागत नाही.

फवारणीचे समाधान डोळ्यांना दिसते : वास येतो, पान ओले होते, काहीतरी केल्याचे वाटते. सापळ्याचे काम रात्री, न दिसता चालते. म्हणून व्याख्यानापेक्षा शेतातील प्रत्यक्ष निरीक्षण अधिक उपयोगी पडते. शेतीशाळा ही पद्धत यासाठीच आहे. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने तेथे शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकऱ्यांचा गट हंगामभर ठरावीक दिवशी एकाच शेतात जातो, झाडावरील शत्रुकीटक व मित्रकीटक मोजतो, चित्र काढतो आणि मग फवारावे की नाही हे स्वतः ठरवतो. महाराष्ट्रात कृषी विभाग व कृषी विज्ञान केंद्रे या शाळा घेतात; जळगाव जिल्ह्यात पाल व ममुराबाद येथे, तसेच धुळे येथे अशी केंद्रे आहेत. एका बरणीत मावा आणि ढालकिड्याची अळी सोडून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, तर मित्रकीटक म्हणजे काय हे सांगण्यास फळा-खडू लागत नाही.

शेतीशाळेला बहुधा पुरुष बोलावले जातात. डोमकळी प्रथम दिसते ती निंदणी करणाऱ्या आणि कवडी प्रथम हाती लागते ती वेचणी करणाऱ्या स्त्रियांना. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; कवडी सोलून काढण्यास वेळ जास्त लागतो आणि वजन कमी भरते. किडीचा फटका त्यांना त्याच संध्याकाळी बसतो. डोमकळ्या तोडून नष्ट करण्याचे काम त्यांच्याकडे मजुरीसह सोपवल्यास तो बहुधा एका फवारणीपेक्षा स्वस्त सौदा ठरतो. तरीही त्यांना निरीक्षणात सहभागी करून घेण्याची रीत अजून रुळलेली नाही.

पतंग बांध पाळत नाही. एकट्याने फरदड मोडली आणि चारी बाजूंच्या शेतांत ती उभी राहिली, तर त्याचा तोटा होतो आणि पुढच्या वर्षी तोही ऐकेनासा होतो. नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावात राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गावपातळीवर कपाशीत हा प्रयोग केला, तो याच कारणासाठी उल्लेखनीय मानला जातो. अमेरिकेत १९१७ मध्ये टेक्सास राज्यात ही अळी प्रथम आढळली. बीटी वाण, वंध्य पतंगांचे प्रसारण, कामगंध आणि सक्तीने शेत मोकळे करणे यांच्या एकत्रित वापराने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या देशाने आपल्या व्यापारी कापूस क्षेत्रातून तिचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तेथील शेते मोठी, मालक थोडे आणि शेत मोकळे करण्याची तारीख कायद्याने बांधलेली होती. खानदेशात एका गावशिवारात शेकडो खातेदार असतात. तेथे तारीख ठरवायची ती ग्रामसभेत, आणि ती पाळली जाते की नाही हे जानेवारीत शिवारावरून नजर टाकली की कळते.